जुना दरवाजा आणि हीट गन: कामाच्या नोंदी

५ जानेवारी

मागच्या खोलीचा दरवाजा खरवडून लाकडापर्यंत न्यायचा, असं ठरून दोन वर्षं झाली. कडेला टवका उडालाय तिथे थर मोजले. सहा भरले. वर पांढरा, त्याखाली हिरवा, मग राखाडी, पुढचे ओळखू येत नाहीत. दरवाजा चौकटीला घासतो तो लाकूड फुगल्यामुळे नव्हे, या थरांच्या जाडीमुळे, अशी मला दाट शंका आहे.

आज हीट गन हातात आली, म्हणजे गरम हवेचा झोत सोडून रंग मऊ करणारं यंत्र. २००० वॅट, दोन टप्प्यांचा खटका, मागे तापमानाचं चक्र, ५० ते ६०० अंश सेल्सियस. केस वाळवायचा ड्रायरसुद्धा वॅटच्या हिशेबात हिच्या आसपासच असतो, त्यामुळे दोन्ही एकाच जातीचे वाटतात. पण ड्रायर भरपूर हवा थोडीशी तापवतो आणि ही थोडी हवा भरपूर तापवते. म्हणून माणसाच्या अंगावर, केसांवर, अंगातल्या ओल्या कपड्यांवर ही कधीच धरायची नाही, गमतीतसुद्धा.

विजेचा हिशेब आधी केला. २००० भागिले २३०, म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या जवळपास. दिवे आणि चार्जरसाठी जो पातळ वायरचा बोर्ड घरात फिरत असतो, त्याचं हे काम नाही. जाड वायरची चकरी बाहेर काढली आणि निम्मी वायर चकरीवरच ठेवून प्लग लावणार, तेवढ्यात वायरमन मित्र म्हणाला, "आधी सगळी सोड. गुंडाळून ठेवून अर्धा तास चालवलीस तर रंगाच्या आधी आतल्या वायरचं आवरण वितळेल." गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर जायला वाट नसते, एक वेढा दुसऱ्याला तापवत बसतो. सगळी सोडली, जमिनीवर सैल पसरली.

पहिल्यांदा चालू केल्यावर दोन मिनिटं जळका वास आला, थोडा धूरही. आतल्या तारेवरचं नव्या मालाचं तेलकट काहीतरी जळत असावं. ते बाहेर उघड्यावर जळू दिलं. नंतर वास गेला.

आणि आजचा शहाणपणा: लेझरचा ठिपका पडतो तो थर्मामीटर घेऊन मी हवेच्या झोतावर नेम धरला. आकडा २४ अंश. गन बिघडलेली आहे असं जाहीर करणार होतो. मग उजेड पडला की तो थर्मामीटर समोरच्या भिंतीचं तापमान सांगतोय. तो पृष्ठभाग बघतो, हवा त्याला दिसत नाही.

६ जानेवारी

आज फक्त ओळख करून घेतली. रद्दी वर्तमानपत्राचे तुकडे फरशीवर, जवळ पाण्याची बादली, चक्र ४०० वर. एक वीतभर अंतरावरून कागद नुसता फडफडला. दोन बोटांवर आणला तर काही क्षणांत पिवळा, मग तपकिरी, मग कडेने काळा. कागद पेट घ्यायला साधारण २३० अंश पुरतात आणि माझं चक्र ४०० वर होतं. तरी वीतभरावर त्याला काही झालं नाही. म्हणजे चक्रावरचा आकडा नोझलच्या तोंडाशी खरा. पुढे खरं चक्र म्हणजे आपला हात. अंतर आणि हलवण्याचा वेग, दोन्ही त्याच्याकडे.

थर्मामीटरचा आणखी एक खोडसाळपणा. चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा तापवून त्यावर ठिपका मारला तर आकडा हास्यास्पद कमी. त्याच पत्र्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून मोजलं तर खरा आकडा. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी सोडत नाही आणि आजूबाजूचीच परावर्तित करतो. या यंत्रावर विश्वास ठेवून "थंड आहे" म्हणत धातूला हात लावणारा माणूस फोडासह परत येणार.

१० जानेवारी

दरवाजाआधी हात बसावा म्हणून एक लहान काम. टेबलावरच्या दिव्याची वायर मुळाशी चिरली होती आणि वर्षभर काळ्या चिकटपट्टीवर दिवस ढकलत होती. प्लग काढला, वायर तोडली, झाळून जोडली. श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवली की आकसून सांध्यावर घट्ट बसणारी नळी, झाळण्याच्या आधी वायरीत ओवायची असते. मी विसरलो. झाळ उकलून पुन्हा सुरुवात. हे मी दर वेळी विसरतो.

साधी श्रिंक ट्यूब ९० अंशांच्या आसपास आकसायला लागते आणि १२० पर्यंत पुरती बसते. अडचण वायरच्या आवरणाची आहे. ते पीव्हीसीचं, आणि पीव्हीसी ८० च्या आसपासच मऊ पडायला लागतं. म्हणजे जे आकसवायचं आहे त्याच्या आधी शेजारचं वितळायला बघतं. पहिल्या खेपेला चक्र ३०० वर होतं. ट्यूब क्षणात बसली, पण शेजारच्या आवरणाला फुगा आला. तो तुकडा कापून टाकला. दुसऱ्यांदा चक्र १८० वर, आणि ते वाकड्या चमच्यासारखं नोझल लावलं. त्यात हवा ट्यूबच्या मागून वळसा घेऊन येते, त्यामुळे वायर फिरवत बसावं लागत नाही. मधोमध सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं, म्हणजे आत हवा अडकत नाही.

झाळ केलेल्या सांध्यावर फार वेळ धरली तर झाळच पातळ होते. टिन-शिशाची नेहमीची झाळ १८३ ते १९० अंशांना सुटते. बाहेरून ट्यूब छान दिसते आणि आत सांधा सुटलेला असतो. म्हणून थंड झाल्यावर एकदा ओढून बघितलं. पक्का आहे.

११ जानेवारी

डब्यांवरची लेबलं, खिडकीवरची जुनी चिकट नक्षी. चक्र ८०–१०० वर, गोंद मऊ झाला की कोपऱ्यातून हळूहळू सोलायची. या कामाला खरं तर ड्रायरही चालतो. हात सैल करायला बरं.

कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याने जुना मोबाइल पुढे केला. "मामा, मागचं झाकण गोंदाने बसवलंय. गनने सोडवून दे ना." नाही म्हटलं. झाकणाच्या लगेच खाली लिथियम बॅटरी आहे, आणि ती एकदा आतून तापायला लागली की मग तिला बाहेरच्या उष्णतेची गरज उरत नाही. त्याने तोंड पाडलं. पाडू दे.

१८ जानेवारी

दरवाजा चौकटीतून उतरवला. लिहायला चार शब्द, करायला अर्धा दिवस.

बिजागऱ्यांचे स्क्रू रंगात बुडालेले. खाचा टोकदार सळईने मोकळ्या केल्या, तरी हलेनात. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर निमुळतं नोझल धरून अर्धा मिनिट तापवलं, थंड होऊ दिलं, मग पेचकस. बारापैकी दहा निघाले. तापला की स्क्रू फुगतो, निवला की आकसतो, आणि या हालचालीत रंग-गंजाची पकड सुटते. फुगतो तरी किती? कडीच्या खालच्या १० मिलिमीटर बोल्टचा हिशेब मांडून बघितला. पोलादाचं प्रसरण दर अंशाला दर मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). २०० अंशांनी तापवलं तर त्यावरच्या नटचं १० मिलिमीटरचं छिद्र ०.०२४ मिलिमीटरने मोठं होतं. केसाच्या जाडीचा तिसरा हिस्सासुद्धा धड नाही. पण गंजाला तेवढंच पुरतं, कारण गंज ठिसूळ, ताणला की तडकतो. अर्थात नट तापवायचा, बोल्ट नाही. दोन्ही सारखे तापले तर दोन्ही सारखेच फुगणार आणि आपण होतो तिथेच.

तापलेल्या नटवर आधी पिवळसर, मग निळी झाक आली. लोखंडकामातले लोक याच रंगांवरून तापमान ओळखतात. गवती पिवळा २३० च्या आसपास, निळा ३०० च्या. माझ्या गनच्या नोझलचं टोकही आता कायमचं निळं झालंय.

चूक: नट हलेना म्हणून मी गंज सोडवायचा स्प्रे मारला आणि लगेच पुन्हा गन लावली. भस्सकन पांढरा धूर, डोळे चुरचुरले. पेटलं नाही हे नशीब. त्या स्प्रेमध्ये हलकं, चटकन पेटणारं तेल असतं, आणि डबा शेजारी दोन हातांवरच उभा होता, तोही दाबाखालचा. आता क्रम उलटा: आधी तापवायचं, हाताला कोमट लागेल इतकं निवू द्यायचं, मग तेल. आणि डबा दुसऱ्या खोलीत.

१९ जानेवारी

दरवाजा बाहेर सावलीत सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवा. उत्साह असा की आजच सुरुवात करावी. पण आधी शिशाची तपासणी. जुन्या तैलरंगांत शिशाची संयुगं सर्रास घालत. रंग टिकतो, लवकर वाळतो, रंगछटा खुलते. तापवल्यावर त्याचा धूर आणि खरवडल्यावर धूळ, दोन्ही पोटात जायला नकोत. लहान मुलांच्या मेंदूला तर हे फारच वाईट.

तपासणी फक्त वरच्या थरावर करून भागत नाही. धारदार पात्याने तिरका काप घेतला, सहाही थर पायऱ्यांसारखे उघडे पडतील असा, आणि त्यावर तपासणीची काडी घासली. शिसं असेल तर ती लालसर गुलाबी होते. दरवाजावर तीन ठिकाणी: काही नाही. चौकटीवर: सगळ्यात खालच्या थराला लागताच गुलाबी.

आधी चक्रावलो. मग आईने सांगितलं की चौकट घराइतकी जुनी, दरवाजा मात्र नंतर कधीतरी बदलला होता.

तेव्हा बेत बदलला. दरवाजा खरवडायचा, चौकटीला गन लावायची नाही. अमेरिकेच्या नियमांत शिसं असलेल्या रंगावर ११०० अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे साधारण ५९३ सेल्सियसच्या वर, हीट गन चालवायला मनाई आहे. त्याखाली चालते, असा त्याचा अर्थ लावता येईल. मला लावायचा नाही. धुराइतकीच भीती वाळक्या पापुद्र्यांच्या धुळीची आहे आणि ती कुठल्याही तापमानाला होते. चौकटीचा सुटलेला रंग पाणी फवारून ओला असतानाच काढायचा, कोरडा घासायचा नाही, कचरा ओल्या फडक्याने उचलून पिशवीत बंद करायचा, आणि वर नवा थर देऊन जुना आत कोंडायचा.

काडीची तपासणी चुकू शकते, पक्कं उत्तर प्रयोगशाळेचं. म्हणून दरवाजाचा एक नमुना पाठवून दिला. तोवर थांबायचं.

२ फेब्रुवारी

अहवाल आला. दरवाजात शिसं नाही. उद्यापासून.

३ फेब्रुवारी

खरवडायला सुरुवात. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा (नायलॉनचा नको, तो वितळून कातडीला चिकटतो), चामडी हातमोजे, चष्मा. तोंडावर धुरासाठीचं कार्बन डबीचं मास्क. धुळीचं साधं पांढरं मास्क कण अडवतं, वाफ नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं. आणि या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मी उघड्यावर आहे आणि वारा पाठीमागून आहे.

चक्र ३५०. पसरट नोझल. दोन-तीन बोटांचं अंतर. आधी काहीच होत नाही, हेच फसवं. मग रंगाला सुरकुती पडते, फुगे येतात, आणि त्या क्षणी गन पुढे सरकवायची आणि मागून खरवडायची पट्टी घालायची. एका हातात गन पुढे, दुसऱ्या हातात पट्टी मागे, पोळपाटावरच्या लाटण्यासारखी एकच लय. पट्टी सपाट, कोन कमी. जोर लावावा लागला तर समजायचं की उष्णता कमी पडली. जोर वाढवला की लाकडाला ओरखडा. पहिला हात बसायला तास गेला. नंतर एकेक लांब सालपट निघायला लागलं, सहा थर एकत्र, साबणाच्या वडीसारखं. हे बघताना माणूस वेळेचं भान विसरतो, खरं सांगतो.

आणि भान विसरलं की हात थांबतो. कोपऱ्यात पट्टी अडकली, मी ती सोडवत बसलो, दुसऱ्या हातातली गन तिथेच रोखलेली. तळहाताएवढा डाग, काळा. लाकूड साधारण २०० अंशांच्या पुढे करपायला लागतं आणि मी त्याच्यावर ३५० सोडत होतो. डाग काचपेपरने जाईल बहुतेक. नियम: पट्टी अडकली तर आधी गनचं तोंड आकाशाकडे.

दुसरी गोष्ट. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं. गरम सालपटं त्यावर पडत होती. मध्ये पाणी प्यायला थांबलो आणि बघतो तर कागदाला नाण्याएवढी तपकिरी भोकं, कडा हळूहळू आत सरकत होत्या. ज्वाला नाही, आवाज नाही. कागद उचलून बादलीत बुडवला. आता खाली जुना पत्रा आणि सालपटांसाठी तळाशी चार बोटं पाणी असलेला लोखंडी डबा.

५ फेब्रुवारी

नोझलचं टोक मनगटाला लागलं. गन बंद करून दहा मिनिटं झाली होती, म्हणून बेसावध. वाहत्या नळाखाली पूर्ण वीस मिनिटं, घड्याळ लावून. दोन मिनिटांनी बरं वाटतं म्हणून हात काढावासा वाटतो, काढायचा नाही, कारण आतली कातडी अजून तापलेली असते. अंगठी सूज यायच्या आधीच काढली. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तूप नाही. फोड लहान आहे, फोडला नाही.

ही नोंद लिहिताना काम बंद करण्याची पद्धत ठरवून टाकली. संपलं की खटका थेट बंद नाही. आधी सगळ्यात कमी तापमानावर चार-पाच मिनिटं वारा चालू ठेवायचा. पंखा अचानक थांबला तर लालभडक तारेची धग आतच अडकते आणि प्लॅस्टिकचं अंग, पंख्याची मोटर शेकून निघते. मग प्लग काढायचा, गन तिच्या बुडावर उभी करायची, नळी आभाळाकडे. आडवी टेकवून ठेवायची नाही. आणि कोणाचा पाय वायरीत अडकणार नाही अशा जागी.

९ फेब्रुवारी

दरवाजाच्या वरच्या भागात काचेचं एक तावदान आहे, चारही बाजूंनी लांबी, म्हणजे काच बसवायची पुट्टी, भरलेली. दगडासारखी झालेली जुनी लांबी तापवली की लोण्यासारखी निघते असं ऐकलं होतं. निघते. तिन्ही बाजूंची निघाली. चौथ्या बाजूला टच्च असा आवाज आला आणि कोपऱ्यातून मधोमध तिरकी रेघ.

साधी काच एका ठिकाणी तापली आणि शेजारी थंड राहिली तर तापलेला भाग फुगायला बघतो आणि थंड भाग त्याला धरून ठेवतो. साधारण ४० अंशांचा फरकसुद्धा तिला तोडायला पुरतो, आणि कड आधीच कुठे टवकलेली असेल तर त्याहून कमी. काचेला वाचवणारं, एका बाजूने आडोसा असलेलं नोझल पेटीत होतं. पेटी घरात होती. दहा पावलं चालायचा कंटाळा केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तडा गेलेली काच चिकटपट्टी लावून काढली. आता निदान तावदानाच्या खाचेतलं काम निवांत करता येईल, एवढाच फायदा.

१० फेब्रुवारी

नक्षीच्या कडा राहिल्यात. खोबणीत पट्टी शिरत नाही. घरात रंग काढायचा जुना रासायनिक जेलचा डबा सापडला. तो लावून वरून थोडी गन मारली तर झटपट होईल, असा विचार आला. डब्यावरचा मजकूर वाचला: डायक्लोरोमिथेन. ते तापवलं तर फुटून फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला गेला तोच. जेल किंवा गन, दोन्हींपैकी एकच, आणि जेल लावलेल्या जागी नंतरही गन नाही. थिनरने पुसलेल्या जागेचंही तेच, तिथे भीती विषाची नसून भडक्याची.

डबा बंद करून ठेवला. नक्षी दाभणाने आणि दुमडलेल्या काचपेपरने काढतोय. कंटाळवाणं काम, लिहिण्यासारखं काही नाही.

शेजारच्या काकू नवं नॉनस्टिक भांडं घेऊन आल्या. बुडाचं लेबल निघत नाही, "तुझ्या त्या मशीनने काढून दे रे." कोमट पाण्यात भिजवून काढून दिलं. त्या लेपाला २६० अंशांच्या पुढे सोसत नाही, त्यातून निघणारा धूर माणसाला तापासारखा आजार देतो आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचा जीव घेतो. काकूंकडे पोपट आहे. त्यांना एवढंच सांगितलं, "पाण्याने निघतंय तर आग कशाला?"

१५ फेब्रुवारी

ही नोंद जरा सविस्तर लिहितो.

आज दरवाजाची शेवटची कड केली, कुलपाच्या बाजूची. कुलूप आधीच काढलेलं होतं, त्यामुळे कडेत हातभर खोल खोबण उघडी होती. तिच्या भोवतीचा रंग जाड, म्हणून थोडा जास्त वेळ लागला. चक्र ४०० पर्यंत नेलं होतं. सहाला काम संपलं. गन निववली, पत्रा झाडला, डब्यातली सालपटं पाण्यात आहेत ना पाहिलं. रात्री दव पडतं म्हणून दरवाजा आत आणून मागच्या खोलीत भिंतीला टेकवला. हात धुतले, जेवायला बसलो.

आठ वाजायच्या सुमारास आई म्हणाली, "काही करपतंय का रे?" स्वयंपाकघरात जाऊन आलो, शेगडी बंद. पाच मिनिटांनी पुन्हा, "नाही, लाकडाचा वास आहे." तेव्हा पोटात गोळा आला.

मागच्या खोलीत दिवा लावला तर दरवाजा शांत उभा. धूर दिसत नव्हता. वास मात्र तिथेच. कुलपाच्या खोबणीपाशी हात नेला तर धग. आत बॅटरीचा उजेड टाकला: तळाशी साचलेला जुना भुसा आणि धूळ, आणि त्यात एक लालसर ठिपका, श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होणारा. तांब्याभर पाणी ओतलं. फुस्स झालं. मग दरवाजा बाहेर ओढला आणि आणखी दोन बादल्या.

गन बंद करून दोन तास झाले होते. मी सगळं तपासलं होतं, फक्त जे दिसत होतं ते. गरम हवा खोबणीत शिरली, भुशाला लागली, आणि भुसा पेटला नाही, धुमसत राहिला. धुमसायला फार हवा लागत नाही. भुसा स्वतःच पांघरूण असतो, आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि हळूहळू पुढचा कण तापवतो. ज्वाला शेवटी येते, कुठेतरी कोरडं लाकूड आणि मोकळी हवा एकत्र भेटल्यावर. आज मी जेवून झोपलो असतो तर ती कधी भेटली असती कोण जाणे.

जे काम दरवाजात झालं तेच भिंतीला पक्क्या बसवलेल्या चौकटीत झालं असतं तर? तिच्या मागे पोकळी असते, तिथे भुसा, जाळी, कधी चिमण्यांचं घरटं. तिथे बॅटरी टाकायलाही वाट नाही. शिशामुळे मी चौकट सोडली आणि तेव्हा चरफडलो होतो. आता त्या गुलाबी काडीचे आभार मानावेसे वाटतात.

लगेच बदललेल्या गोष्टी: खोबणी, भोकं, भेगा आधी ब्रशने साफ करून ओल्या फडक्याने बुजवायच्या आणि मगच भोवती गन. काम चारला थांबवायचं, म्हणजे पुढचे दोन तास मी जागा, घरात आणि नाक उघडं ठेवून असेन. पहिला तासभर तर वस्तूजवळच. तापवलेली वस्तू त्या रात्री घरात आणायची नाही, भिजली तर भिजो. बादलीखेरीज कोरड्या पावडरीचं अग्निशामक आता कामाच्या जागी, कारण वीज जोडलेल्या गनवर पाणी मारायचं नसतं. तिथे आधी प्लग.

आईने मात्र एकच वाक्य ऐकवलं. "माझं नाक अजून चांगलं आहे, एवढं लक्षात ठेव."

१६ फेब्रुवारी

काम नाही. खोबण तीनदा उघडून पाहिली.

२२ फेब्रुवारी

राहिलेले तुकडे. गन मध्येच बंद पडायची, पाच मिनिटांनी आपोआप चालू व्हायची. बिघडली असं वाटलं. मागची जाळी पाहिली तर रंगाची धूळ आणि धाग्यांनी निम्मी बुजलेली. हवा कमी आत आली की तार जास्त तापते आणि आतला सुरक्षेचा खटका वीज तोडतो. प्लग काढून सुक्या ब्रशने जाळी साफ केली, पुन्हा नीट चालली. बंद पडणं हा बिघाड नव्हता, गनने केलेली तक्रार होती. काम करताना मी जाळीवर हात टेकवत होतो, तेही बंद केलं.

खोबणीत ओलं फडकं. साडेतीनला थांबलो.

२ मार्च

काचपेपर ८०, १२०, १८०. करपलेला डाग जवळजवळ गेला. तिरक्या उजेडात अजून सावली दिसते, मला. बाकी कोणाला दाखवून दिल्याशिवाय दिसत नाही, आणि मी प्रत्येकाला दाखवून देतो. तेलाचा पहिला हात दिला. तेलाची फडकी गोळा करून टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना स्वतःच तापतं आणि ढिगातली फडकी आपोआप पेटू शकतात. एकेक उलगडून दोरीवर वाळत घातली. हीट गनचा या आगीशी संबंध नाही, पण पंधरा तारखेनंतर मी अशा गोष्टी जरा जास्त वाचतो.

९ मार्च

दरवाजा चौकटीत बसवला. घासत नाही. म्हणजे थरांची शंका खरी होती. बिजागऱ्यांना दोन नवे स्क्रू, बाकीचे दहा जुनेच.

तावदानाची जागा पुठ्ठ्याने झाकली आहे, काच पुढच्या आठवड्यात. लांबी हाताने मळून, थंडच भरायची. गन गार झाल्याची उलट्या तळव्याने खात्री केली, नोझलं मोजली, चार, आणि पेटी वरच्या फळीवर ठेवली. काचेवालं नोझल सगळ्यात वर.